महायुद्धाचा धडा आणि हयातीचा दाखला

माझ्या नातवाच्या इतिहासाच्या पुस्तकात दुसरे महायुद्ध दीड पानात आटोपले आहे. त्यात कारणे आहेत, परिणाम आहेत, आणि भारताच्या वाट्याला एक वाक्य आले आहे: भारतीय सैनिकांनीही या युद्धात भाग घेतला. भाग घेणे हे शब्द पोत्यांच्या शर्यतीला शोभतात. पुस्तक तयार करणाऱ्या मंडळाला मी या वाक्याविषयी पत्र लिहिले, नंतर स्मरणपत्र लिहिले, आणि त्यापुढच्या पत्रात, नागरिकाच्या पत्राला उत्तर न देण्याचा अधिकार त्यांना कोणत्या नियमाने मिळाला, अशी विचारणा केली. उत्तर आलेले नाही. त्या मौनाचा मला संताप आहे. परंतु चौथे पत्र लिहायला बसलो असता ध्यानात आले, की ते वाक्य वाचून मला प्रथम राग आला नव्हता, लाज वाटली होती. आणि ती लाज पुस्तकाइतकी नवी नाही.

पन्नासच्या दशकात मी देवळीच्या शाळेत शिकत होतो. आमचे गाव तिथून सायकलच्या वाटेवर होते. मॅट्रिकच्या अलीकडच्या वर्गात हे युद्ध आम्हांला ज्या मास्तरांनी शिकवले, त्यांची एक पद्धत होती. ते फळ्याच्या मधोमध उभी रेघ ओढत. डावीकडे लिहीत ‘तात्कालिक कारण’, उजवीकडे ‘मूळ कारणे’. डावीकडे एकच ओळ पडली: सप्टेंबर १९३९, जर्मनीचा पोलंडवर हल्ला. उजवी बाजू मात्र पुष्कळ दिवस भरत राहिली.

“कापसाच्या गंजीला आग लागलेली पाहिली आहे ना तुम्ही?” ते म्हणाले. थंडीचे दिवस होते, जिनिंगच्या आवारात गंज्या उभ्या होत्या आणि वर्गातल्या निम्म्या मुलांच्या सदऱ्यांना रुई चिकटलेली होती. “धूर बाहेर आला, की आपण म्हणतो आग आता लागली. ती आत केव्हाची धुमसत असते. इतिहास शिकणाऱ्याने हात आत घालून पाहायचा.”

“हात भाजन ना मास्तर,” मागच्या बाकावरून कोणी म्हणाले.

“भाजला तर शिकलास असं समज.”

मग त्यांनी हात घातला. पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह आणि त्यातले ते दोनशे एकतिसावे कलम, ज्यात साऱ्या हानीची जबाबदारी जर्मनीने लेखी मान्य करावी असे म्हटले होते. मास्तर म्हणाले, हरलेल्याकडून भरपाई घेणे वेगळे, आणि दोषाची कबुली लिहून घेणे वेगळे. लिहून दिलेले माणूस विसरत नाही. पण तेवढ्यावर त्यांनी कोणाला सोडले नाही. अपमान पुष्कळांचा होतो, म्हणून सगळेच शेजाऱ्याच्या देशावर रणगाडे घालत नाहीत, असे त्यांनी लगेच बजावले. नोटांना किंमत उरली नाही, पुढे जगभर मंदी आली, कामगार रस्त्यावर आले आणि त्यांचा राग वापरून एक हुकूमशहा सत्तेवर चढला. जपान मांचुरियात शिरले. इटलीने ॲबिसिनिया गिळला. राष्ट्रसंघाने ठराव केले. म्युनिकला चेकोस्लोव्हाकियाचा लचका तोडून दिला गेला, आणि तो देताना त्या देशाला बोलावलेदेखील नव्हते. मास्तर सांगत होते: प्रत्येक वेळी ज्यांना ‘नाही’ म्हणता आले असते, ते ‘एवढ्या एका वेळी’ म्हणाले.

शेवटी त्यांनी लिहिले, की व्हाइसरॉयने हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले, आणि ते करताना इथल्या एकाही माणसाला विचारले नाही. वर्गात कलमांचे क्रमांक पाठ करण्याची हौस मला एकट्यालाच होती. कोणत्या कलमाने विचारले नाही, असे मी विचारले.

“विचारायला कलम लागते,” मास्तर म्हणाले. “न विचारायला लागत नाही.”

आता आमच्या घरातले युद्ध सांगितले पाहिजे. माझे वडील आमच्या गावाचे मालगुजार होते. म्हणजे गावाचा शेतसारा वसूल करून सरकारात भरणारे, आणि त्यामुळे गावाचे मालक म्हणवले जाणारे. महायुद्धात त्यांनी सरकारला शिपाई मिळवून दिले. भरतीचा साहेब आमच्याच अंगणात बसला होता, आणि त्याबद्दल वडिलांना मिळालेली सनद बैठकीत काचेच्या चौकटीत लावलेली होती. त्या दिवसाचा एक किस्सा पाहुण्यांना हमखास ऐकवला जाई. गावाबाहेरच्या वस्तीतला एक जवान पोरगा छातीच्या मापात कमी पडत होता. वडिलांनी त्याच्या कानात सांगितले, “दम रोखून धर रे, फुगव छाती.” त्याने दम रोखला, फीत पुरली, साहेब फसला. पाहुणे हसत. मीही लहानपणी हसलो असेन. तो पोरगा बर्मातून परत आला नाही, हे किस्सा संपल्यावर कोणी सांगत नसे. ते किस्स्याचा भाग धरले जात नव्हते.

त्याची विधवा गावातच राहत होती. दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचून आणि नवऱ्याच्या पेन्शनीवर तिने मुलगा वाढवला. बाप गेला तेव्हा हा मुलगा कुशीत होता. तो माझ्याच वर्गात होता, माझ्या पुढच्या बाकावर. पेन्शनीसाठी तिला दरसाल एक दाखला द्यावा लागे: ही बाई जिवंत आहे, हिने पुनर्विवाह केलेला नाही, आणि सही करणारा हिला व्यक्तिशः ओळखतो. त्यावर माझे वडील सही करीत. मालगुजारी कायद्याने रद्द होऊन वर्षे लोटली होती. सहीला कवडीचाही कायदेशीर आधार उरला नव्हता. छापील कागदावर ‘जबाबदार व्यक्ती’ एवढेच शब्द होते, मालगुजाराचे नाव कुठेच नव्हते. तरी गावाची समजूत अशी, की माणूस जिवंत आहे हे मालकाने म्हणायचे असते. वर्ध्याच्या खजिन्यातल्या कारकुनाची समजूतही तीच. आणि वडिलांना, ज्यांच्या कपाटात कायद्याची पुस्तके होती, ही समजूत चुकीची असल्याचे पुरते ठाऊक होते.

त्या वर्षीच्या, म्हणजे १९५६ च्या, दसऱ्याला वस्तीतली माणसे नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली. परत आल्यावर त्यांनी मेलेली ढोरे ओढणे सोडले, आणि आमच्या दारात वाकून जोहार घालणेही सोडले. वडील यावर काही बोलले नाहीत. ते हसतमुख गृहस्थ होते, त्यांचा राग विनोदाच्या रूपाने बाहेर पडे.

दाखल्याचे दिवस आले तेव्हा ती बाई कागद घेऊन आली. दरवर्षी ती पायऱ्यांखाली उभी राहून वाके. या वेळी तिथेच, पण ताठ उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, “नमस्कार, मालक.”

ओसरीवर वडिलांजवळ गावातली चार माणसे बसली होती. मी दाराच्या आत पुस्तक घेऊन होतो.

“कोण हाये?” वडिलांनी विचारले.

“मी. काऊन मालक, वयखलं नाई?”

“आवाज त वयखीचा वाटते. पण ज्या बाईले मी दाखला देतो, ते जोहार घाले. तू दुसरीच दिसतं.”

माणसे हसली. बाईही हसली, थट्टा आहे असेच तिला वाटले. “मजाक करून राह्यले मालक. सही द्या ना, वावरात जायचं हाये मले.”

“मजाक कशाची? कागदावर लिहिलं हाये, व्यक्तिशः ओळखतो म्हणून. म्या खोटं लिहावं का सरकारले?” त्यांनी कागद हातात घेतला, लांब धरून वाचला. “अन् हे पाय, पुनर्विवाह केला नाई, असं बी लिहा म्हणते. ज्या बाईनं देव बदलला, तिनं नवरा नाई बदलला, हे मी कोन्या तोंडानं लिहू?”

या वेळी हशा मोठा झाला. बाईच्या चेहऱ्यावरचे हसू मावळताना मी पाहिले. तिने हात पुढे केला, कागद परत घेतला, आणि निघून गेली. वडिलांनी पानाचा डबा पुढे ओढला. त्या ओसरीवर बसलेल्यांपैकी एकानेही, ‘मालक, हे जास्त झालं’ असे म्हटले नाही. मी तर आतच होतो. माझ्या हातात जे पुस्तक होते, त्यातले एक अक्षर मला दिसत नव्हते, आणि आपण ज्या घराचे आहोत ते घर अंगावरून सोलून टाकता येत नाही, एवढेच कळत होते.

शाळेत तोवर मास्तर युद्धाच्या वाटचालीवर आले होते. फ्रान्स पडला, ब्रिटन एकटे उरले, जर्मनी रशियात शिरले आणि बर्फात अडकले. जपानने पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले, अमेरिका युद्धात ओढली गेली. मलाया, सिंगापूर, आणि १९४२ मध्ये रंगून. मास्तरांनी खडूने बर्माचा नकाशा काढला. दोन वर्षांनी इंफाळ आणि कोहिमाला जपान्यांना थोपवून आपल्या पलटणी नद्या ओलांडत परत दक्षिणेकडे कशा निघाल्या, ते बाणाने दाखवले.

पुढच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. “मास्तर, माह्या बापाचा कागद तिकडूनच आलता.”

“कोणत्या ठिकाणचा?”

“जागा नाई लिहिली. बर्मा, एवढंच हाये.”

“भरती कुठे झाले होते?”

त्याने माझ्याकडे वळून पाहिले नाही, आणि वळून पाहिले असते तर बरे झाले असते असे मला वाटले. “गावातच. मालकाच्या अंगनात.”

“मंग मास्तर, परिणामात मालक बी लिहा,” मागच्या बाकावरचा बोलला. वर्ग हसला आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी बाकातल्या दौतीच्या भोकाकडे पाहत राहिलो.

मास्तरांनी हसू थांबू दिले. “आईंना पेन्शन मिळते ना?”

“भेटे. आता नाई भेटत. कागदावर माय मेली हाये.”

त्याने सारे सांगितले, फक्त ओसरीवरचे ते दुसरे वाक्य सोडून. माय वर्ध्याला खजिन्यात जाऊन आली होती. कारकून तिला म्हणाला होता, “बाई, तू जिवंत हायेस ते मले दिसते. पण मले दिसून काय होते? दरसाल मालगुजाराची सही राह्यते, ते घेऊन येजो.” पैसे थांबले होते, आणि ते सुरू झाले नाहीत तर पुढच्या सत्रात तो शाळेत दिसणार नव्हता.

मास्तर त्याच दिवशी हेडमास्तरांकडे गेले, कारण हेडमास्तरांची सहीही चालण्यासारखी होती. शाळेच्या नव्या खोल्या माझ्या वडिलांनी दिलेल्या जागेवर उठत होत्या. मास्तर बाहेर आले, आम्हां दोघांना व्हरांड्यात बोलावले आणि म्हणाले, “हेडमास्तर म्हणतात, एवढ्या एका वेळी राहू द्या.” आणि लगेच, “हे उजव्या बाजूला लिहून ठेवा.” त्यांनीच उपाय सांगितला: जिल्ह्याच्या कलेक्टरसाहेबांकडे अर्ज करावा, की बाई समक्ष हजर होण्यास तयार आहे, चौकशी करून अधिकाऱ्याने दाखला द्यावा.

अर्ज मी लिहितो असे मी म्हणालो. अर्जाची भाषा मला येत होती. ती मी वडिलांच्याच टेबलाशी बसून शिकलो होतो.

“लिही,” तो म्हणाला. “माहं अक्षर मलेच लागत नाई.”

त्यांच्या घरी मी त्यापूर्वी कधी गेलो नव्हतो. बाई सारवलेल्या अंगणात सरकी निवडत बसली होती. तिने मला बाजेवर बसायला सांगितले. “पानी देऊ का नाई, मले मालूम नाई. मांगशीन त देईन.” मी मागितले, परंतु मागायला मला जेवढा वेळ लागला, तेवढा लागायला नको होता, आणि तो तिने मोजला असणार.

“मालकाचा पोरगा लिहून राह्यला,” ती मुलाला म्हणाली. “उद्या म्हनतीन, बाईनं पोरगं फितवलं.”

“म्हनू दे ना माय. आदीच का कमी म्हनले?”

मी सुरुवात केली: अर्जदार अमुक, राहणार मौजे अमुक. बाईने मला थांबवले. “पयले हे लिही, का म्या दुसरा नवरा केला नाई.”

“ते दुसऱ्या कलमात येईल,” मी म्हणालो.

“पयले लिही. मी जिवंत हाये ते कोनालेबी दिसते. हे दिसत नाई. अन् साहेबानं वर्ध्याले बसून लिहू नये, तिथीच येऊन विचारावं, त्या ओसरीवर. जे चार लोकायपुढं बोलल्या गेलं, ते चार लोकायपुढंच पुसल्या गेलं पायजे. पैशे मंग.”

ओसरीवरचे ते दुसरे वाक्य मुलाला ठाऊक नव्हते. त्याने आधी आईकडे पाहिले, नंतर माझ्याकडे, आणि मी त्या दिवशी दाराच्या आत होतो हे त्याला कोणी न सांगता कळले. मी लिहीत गेलो. तिने अंगठा उमटवला.

सरकार कधी कधी हलते. कापसाच्या गाड्या संपायच्या सुमारास नायब तहसीलदार जीपने गावात आले आणि रिवाजाप्रमाणे आमच्याच ओसरीवर बसले. चहा आला. बाईला बोलावणे गेले. ती मुलासह आली, पायऱ्यांखाली थांबली. एव्हाना अंगण माणसांनी भरले होते.

“मालगुजारसाहेब, आपण या बाईंना ओळखता का?” अधिकाऱ्यांनी विचारले.

“म्हणजे काय,” वडील म्हणाले, “लग्न होऊन आली तेव्हापासून. द्या कागद इकडे.” त्यांनी खिशातून पेन काढले, टोपण उघडले. इतके सोपे होते ते. महिनोन्‌महिने एका घरची चूल अडवून ठेवणारी गोष्ट त्यांनी चहाचा कप खाली ठेवण्याइतक्या सहजतेने सोडून दिली, आणि त्या सहजतेची मला जितकी शरम वाटली, तितकी त्यांच्या हट्टाचीही वाटली नव्हती. हट्टाला निदान काही कारण असू शकते.

“साहेब,” बाई म्हणाली, “ते दुसरं बी विचारा.”

“दुसरे काय?”

“नवऱ्याचं.”

अधिकारी तरुण होते. त्यांनी अर्ज चाळला, पहिले कलम वाचले, आणि कागदात पाहतच विचारले, “या बाईंनी पुनर्विवाह केला असे आपण म्हणाला होता काय?”

“अहो, ते त मजाक होती,” वडील हसून म्हणाले आणि आजूबाजूला पाहिले. त्या दिवशीची चार माणसे तिथेच होती. त्यांच्यापैकी कोणी हसले नाही. साहेब हसत नव्हते म्हणून.

“मजाक होती, असं लिहा साहेब,” बाई म्हणाली.

“बाई, त्याला रकाना नाही.”

“मंग ह्याइची सही नको मले. तुम्हीच पाहा अन् तुम्हीच लिहा.”

वडिलांचे पेन उघडेच राहिले. नियमाने अधिकाऱ्यांना ते करता येत होते. त्यांनी बाईला विचारले, तिच्या मुलाला विचारले, मग अंगणाकडे वळून मोठ्याने विचारले, हिने दुसरा विवाह केल्याचे कोणी सांगू शकतो काय. कोणी बोलले नाही. “तर मग नाही,” असे म्हणून त्यांनी लिहिले आणि स्वतःची सही केली. बाईने कागद घेतला, हात जोडले, ते अधिकाऱ्यांकडे पाहून. मुलगा माझ्यासमोरून गेला तेव्हा मी वाट सोडली. शाळेत तो माझ्याशी बोलत राहिला, वह्या देत-घेत राहिला, पण त्या दिवसानंतर आमच्या गावाविषयी आम्ही एकमेकांशी कधी बोललो नाही.

पेन्शन थकबाकीसह सुरू झाली. मजाक होती, असे मात्र कुठेही लिहिले गेले नाही, आणि मी आजपर्यंत जेवढी पत्रे लिहिली, त्या सगळ्यांत मला त्या रकान्याचीच मागणी करायची असते असे कधी कधी वाटते.

संध्याकाळी वडिलांबरोबर जेवायला बसलो. साहेबांनी जाताना अर्ज त्यांना दाखवला होता, आणि माझे अक्षर ते लांबून ओळखत. ते रागावतील याची मी वाट पाहत होतो. त्यासाठी माझ्यापाशी उत्तरे तयार होती, क्रमाने, कलमवार.

“अर्ज चांगला लिहिला,” ते म्हणाले. “‘सबब’ दोनदा आलं, एक काढायचं होतं. पण मुद्दे बरोबर मांडले. वकील होशीन तू.”

त्यांना खरोखर अभिमान वाटत होता. आईने मला आणखी भात वाढला. आणि माझे कान गरम झाले, ते संतापाने नव्हे. मला बरे वाटले होते.

“हो, बाबूजी,” मी म्हणालो, आणि जेवत राहिलो.